धोट्याचा दांडा

आमचे अब्बा ट्रॅक्टरचे मिस्त्री. नांदेडला देगलूर नाक्याकडं त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. त्यांना उर्दू वाचता येतं, मराठी अक्षराला अक्षर लावून येतं, इंग्रजी येत नाही. त्यामुळं आम्ही बी.एड. करून उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवू लागलो, तेव्हा आमच्या पगारापेक्षा त्यांना जास्त आनंद याचा झाला, की कंपन्यांची पुस्तकं वाचून सांगणारा माणूस आता घरातच आहे. त्या वाचण्यानंच एकदा घात केला, ते सांगायचं आहे.

अब्बांची हयात ८ पुढचे आणि २ मागचे गिअर असलेल्या ट्रॅक्टरांत गेली. १९६३ साली महिंद्रानं अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत ट्रॅक्टरची कंपनी काढली, तिचा बी-२७५ हा त्यांचा पहिला उस्ताद. त्यात रिव्हर्स हा बाकीच्यांसारखाच एक गिअर. इंजिन तर कायम एकाच बाजूनं फिरतं. एकमेकींत अडकलेल्या दोन गराऱ्यांतली (पाठ्यपुस्तकात दंतचक्र, अब्बांच्या तोंडी गरारी) दुसरी पहिलीच्या उलट फिरते. मध्ये तिसरी घातली की शेवटचीची दिशा बदलते. ट्रॅक्टर मागं जातो तो त्या एका जास्तीच्या गरारीमुळं. वर्गात आम्ही हे पुठ्ठ्याच्या चकत्यांवर दाखवतो, आणि दर वर्षी एखादा पोरगा चकती खिशात घालून नेतोच.

नांगरटीला तेवढं पुरतं. धुऱ्यापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. पण पुढं बकेट लावलेल्या लोडरचं तसं नाही. ढिगात पुढं घुसायचं, भरून मागं यायचं, ट्रॉलीकडं पुढं जायचं, ओतून पुन्हा मागं. एका बकेटला चार वेळा दिशा बदलते. दिवसात १०० बकेटा धरल्या तर ४०० वेळा. दर वेळी दांडा काढून रिव्हर्स शोधायचा, पुन्हा पुढचा शोधायचा, तर संध्याकाळी ड्रायव्हरचा खांदा वर होत नाही. म्हणून शटल आलं. दिशा बदलायचं काम गिअरबॉक्समध्ये वेगळं काढलं आणि त्याला वेगळा दांडा दिला, बहुधा स्टिअरिंगच्या डाव्या हाताला. पुढं ढकलला की पुढं, मागं ओढला की मागं. लावलेला गिअर जागेवरच राहतो. त्यामुळं अशा काही ट्रॅक्टरांत १२ पुढचे तर मागचेही १२ गिअर मिळतात.

२०१८ च्या उन्हाळ्यात औशाजवळच्या आमच्या खालूंनी असा लोडरवाला ट्रॅक्टर घेतला. तलावातला गाळ शेतात टाकायची सरकारी योजना आदल्या वर्षी, २०१७ ला आली होती. शिवारात गाळाचे ढीग पडलेले. ते उचलून पसरवायचं काम भाड्यानं करायचं, असा खालूंचा हिशेब. हप्ते त्याच्यावरच फिटायचे होते. शाळेला सुट्ट्या होत्या. पुस्तक इंग्रजीत, म्हणून आम्हाला बोलावणं आलं.

निघताना आम्ही अब्बांना शटलचा अर्थ सांगितला. मागावरचा धोटा, उर्दूत माकू. अब्बांना तो सांगावा लागला नसता. आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये मागावर होते. लहानपणी अब्बा त्यांचा डबा घेऊन जात. ते एवढंच म्हणाले, “माकू भी थमताच है बेटा, हर बाजू को. फिर पलटता.” आम्ही हसलो आणि बसमध्ये बसलो.

त्या पुस्तकात एकाच ट्रॅक्टरच्या दोन प्रकारांची माहिती होती. एक साधा, एक महागाचा. महागाचा चालता चालता पलटवता येतो, असं आम्ही वाचलं आणि ते खालूंच्या ट्रॅक्टरला लावलं. मास्तरच्या आवाजात ड्रायव्हर पोराला सांगितलं, “थांबायची गरज नाही. क्लच दाबायचा, दांडा ओढायचा.” पोरगा हुशार होता. सांगितलं तसंच केलं.

पावसाळ्यापूर्वीच फोन आला. मागं घेताना ट्रॅक्टर कोकलतो, दांडा आपोआप निसटतो.

अब्बा लोहा, अहमदपूर करत लातूरला आणि तिथून औशाला आले. आधी तेल काढलं. तेलात पितळेची बारीक पिवळी भुकटी चमकत होती. ट्रॅक्टरचे मधून दोन भाग केले. शटलच्या शाफ्टवर दोन गराऱ्या मोकळ्या फिरतात, एक पुढची, एक मागची. मधली सरकती बांगडी जिला पकडेल ती ओढते. पकडण्याआधी दोघांचा वेग एक व्हावा म्हणून पितळेची रिंग असते. ती निमुळत्या भागावर घासून वेग जुळवते, आणि जुळेपर्यंत बांगडीला पुढं सरकू देत नाही. तिची ताकद तेवढीच. भरल्या बकेटीनिशी ट्रॅक्टर पुढं पळत असताना मागं ओढलं, की आधी रिंग भरडते. नंतर क्लच सोडला की ट्रॅक्टरचा सगळा धक्का क्लच प्लेटवर. दोन्ही गेल्या होत्या. रिंगच्या आत बारीक रेघा असतात. अब्बांनी आमचं नख त्यावरून फिरवलं. काचेसारखी गुळगुळीत.

मग त्यांनी पुस्तक मागवलं. “लिख्या क्या है वो बोल. तू क्या समज्या वो नक्को.”

आम्ही वाचलं. योग्य पानावर स्पष्ट होतं: ट्रॅक्टर पूर्ण थांबवा, क्लच दाबा, मग दांडा.

बाहेर खालू बाजेवर बसले होते. त्यांनी विचारलं, पोराची चूक का? पोरगा आमच्याकडं बघत होता. अब्बा म्हणाले, पोराची नाही, घासणारा पुर्जा आहे, काम जास्त झालं. मजुरी घेतली नाही. रिंग आणि क्लच प्लेटचे पैसे खालूंनीच भरले, आणि आम्ही तोंड उघडलं नाही. पुढं एका ईदला आम्ही ती रक्कम ईदीच्या नावाखाली द्यायला गेलो. खालूंनी हात जोडले. त्यांना कारण कधी कळलंच नाही.

परतीच्या बसमध्ये अहमदपूरपर्यंत अब्बा गप्प होते. मग त्यांनी विचारलं, तो दुसरा, महागाचा, कसा चालतो? या वेळी आम्ही पुस्तक उघडून ओळ दोनदा वाचून सांगितलं. त्यात रिंगच्या जागी तेलात बुडालेल्या प्लेटांचे दोन गठ्ठे असतात, एक पुढचा, एक मागचा. दांडा हलवला की एका गठ्ठ्यावरचा तेलाचा दाब सुटतो, दुसऱ्यावर हळूहळू चढतो. पायाचा क्लच दाबावा लागत नाही.

अब्बांनी डोळे मिटून ऐकलं.

“मतलब सब तेल पे है,” ते म्हणाले. “तेल में पानी गया तो दोनों गए. लिख्या है क्या वो?”

आम्ही पान उलटून बघू लागलो.