फाट्यावर थांबायचं होतं

कच्च्या रस्त्यावर नऊ मोटरसायकली एकापाठोपाठ निघाल्या, की पाच मिनिटांत त्या एकमेकींना दिसेनाशा होतात. यात दोष कुणाच्या घाईचा नसतो, धुळीचा असतो. पाऊस संपून महिना झाला, की घाटमाथ्यावरच्या मुरमाच्या रस्त्यांवर पिठासारखा फुफाटा साठतो. पुढच्या गाडीनं उडवलेला लोट खाली बसेपर्यंत मागच्याला गोटा दिसत नाही, चर दिसत नाही. म्हणून तो अंतर ठेवतो आणि त्याच्या मागचा आणखी ठेवतो. असं करत पहिला आणि शेवटचा यांच्यात चार-पाच किलोमीटर सहज पडतात. आरशांचाही उपयोग नसतो. उभं राहून चालवताना त्यांत आपलंच कोपर दिसतं.

म्हणून गटाला एक रीत लागते. प्रत्येकानं आपल्या मागच्याला सांभाळायचं. रस्ता फुटला की थांबायचं, मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही. त्यानं हात वर केला की निघायचं. मग तो त्याच्या मागच्यासाठी थांबतो. सगळ्यांच्या शेवटी एक जाणता माणूस असतो, पंक्चरचं सामान आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन. ही साखळी सुरू होते ती सगळ्यांत पुढे चालणाऱ्यापासून. तो थांबला नाही तर दुसऱ्याला थांबायचं कारणच उरत नाही.

ही रीत मी बऱ्याच नव्या मुलांना शिकवली होती. २०१९ च्या डिसेंबरमधल्या त्या रविवारीही नसरापूरजवळ चहा घेताना मीच ती सगळ्यांना समजावून सांगितली. दुपारी ती मीच मोडली.

त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत लांबला होता. रस्ते वाळले होते, पण ओढे अजून वाहत होते. नसरापूरवरून वेल्हे, तिथून केळदच्या बाजूला, मग डांबर सोडून घाटमाथ्याच्या कडेनं वाड्यावस्त्यांना जोडणाऱ्या मातीच्या वाटा आणि अंधाराच्या आत परत डांबरावर, असा बेत होता. डावीकडे तोरणा दिसत होता. भातं निघून गेलेली, खाचरांत नुसते बुडखे. डांबर संपलं तिथे थांबून आम्ही चाकांतली हवा कमी केली. कमी हवेचा टायर पसरतो आणि सुट्या खडीवर जास्त धरतो. मात्र ट्यूब असलेल्या चाकात ती फार उतरवली, तर दगडावर आपटून ट्यूब चिमटते.

गटात सगळ्यांत नवा होता तो माझ्या ऑफिसमधला एक तरुण. मला दादा म्हणायचा. त्याच वर्षी बाजारात आलेली एक्सपल्स २०० त्यानं घेतली, ती माझ्या सांगण्यावरून. त्या सल्ल्याबद्दल मला आजही शंका नाही. पुढचं चाक २१ इंची, त्यामुळे खड्ड्यात न अडकता वरून निघून जाणारं. वजनही माझ्या हिमालयनपेक्षा बरंच कमी. दुसरा सल्ला मात्र चुकीचा होता. नडगी आणि घोटा झाकणारे उंच बूट घ्यायचे का, असं त्यानं विचारलं होतं. महाग आहेत, या खेपेला ट्रेकिंगचे चालतील, पुढच्या वेळी घे, असं मी म्हणालो.

दुपारी एका देवळाच्या सावलीत जेवलो. निघताना एकाच्या गिअरची दांडी वाकलेली निघाली. सकाळी कुठेतरी दगडावर आपटली असावी. शेवटचा गडी ती सरळ करायला त्याच्याबरोबर मागे थांबला. म्हणजे आता नवा मुलगा आमच्यात शेवटचा झाला होता आणि त्याच्या मागे कुणीच नव्हतं. हे मला माहीत होतं. क्रम पुन्हा लावायचा, नाहीतर सगळ्यांनीच थांबायचं, एवढं करायला हवं होतं. दहा मिनिटांचं काम होतं.

त्याऐवजी मी निघालो. देवळापुढचा रस्ता फार चांगला होता. कडक बसलेला मुरूम, लांब मोकळी वळणं, मागचं चाक किंचित सरकून पुन्हा धरणारं. तिसऱ्या गिअरमध्ये एका लयीत गाडी चालली होती. कितीतरी आठवडे ऑफिसात बसून मी या अर्ध्या तासाची वाट पाहत होतो. फाटा आला. उजवीकडची वाट धरणाच्या पाण्याकडे, डावीकडची खाली एका वाडीकडे. मी वेग कमी केला, मान वळवून पाहिलं. मागे फक्त धूळ होती. दुसरा गडी अनुभवी आहे, तो थांबेल, असं मनात आलं. मी उजवीकडे वळलो.

नंतर विचारलं तेव्हा कळलं, की दुसऱ्याला माझ्या चाकाचा ताजा माग दिसला, म्हणून तो थांबला नाही. तिसऱ्याला दुसऱ्याची धूळ दिसली. प्रत्येकाला काहीतरी दिसलं होतं. नव्या मुलाला त्या मागांमधलं काही ओळखता येत नव्हतं आणि तो पोचला तोवर धूळही बसली होती.

आठेक किलोमीटरवर पाण्याच्या काठाला आम्ही थांबलो. मी मोजलं, सहा. दांडीवाला, शेवटचा गडी आणि नवा मुलगा नाहीत. तिघं एकत्र असतील, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते शक्य होतं, पण मी ते पाहिलेलं नव्हतं. लोकांनी चिक्की खाल्ली, फोटो काढले. वीस-पंचवीस मिनिटांनी दोनच गाड्या आल्या. शेवटच्यानं हेल्मेट काढायच्या आत विचारलं, "तो पुढे आला ना तुमच्याबरोबर?"

यानंतर मी दुसरी चूक केली. मोबाइलला रेंज नव्हती. मी घाबरलो होतो आणि सगळ्यांना मागे पिटाळलं. गाड्या वाट फुटेल तिकडे पांगल्या. एक जण पेट्रोल संपत आल्यावर कुठल्याशा वाडीत अडकला आणि त्याला शोधायला आणखी दोघं गेले. शेवटच्या गड्यानं मात्र मला हाताला धरून थांबवलं. आधी फाट्यावर जाऊ, जमीन बघू, म्हणाला. डावीकडच्या वाटेवर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या होत्या आणि त्यांच्यावरून गेलेला खोल नक्षीच्या टायरचा एकच माग. इतका स्पष्ट होता, की फाट्यावर उभ्या असलेल्या कुणालाही दिसला असता.

तो दीडेक किलोमीटर खाली सापडला. ओढ्यावर सिमेंटची फरशी, तीवरून बोटभर पाणी आणि पाण्याखाली शेवाळ. अशा फरशीवर ब्रेकला हात न लावता, गाडी सरळ ठेवून, एका वेगानं जायचं असतं. त्यानं पुढचा ब्रेक दाबला. तिथे जाणतेही पडतात. पण जाणता पडला तर मागून कुणीतरी येतं आणि दोन मिनिटांत गाडी उचलतं. दीडशे किलोंहून जड गाडी त्याच्या उजव्या पायावर पडली होती आणि सायलेन्सरनं पोटरी भाजत होती. गवताचे भारे घेऊन जाणाऱ्या दोन बायका आणि एक म्हातारे बाबा तिथे पोचले, तोवर तो अर्ध्या तासाहून जास्त वेळ तसाच पडून होता. गाडी त्या तिघांनी उचलली होती.

त्यांतल्या एका आजींनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मला बघून त्या म्हणाल्या, "ह्येला येकट्याला कुनी धाडलं इकडं?"

"रस्ता चुकला तो," मी म्हणालो.

त्या दिवसात मी केलेल्या सगळ्या गोष्टींत हे वाक्य सगळ्यांत वाईट होतं. तो शुद्धीवर होता आणि त्यानं ते ऐकलं.

वाडीतल्या लोकांनी वाशाला चादर बांधून झोळी केली. आळीपाळीनं खांदा देत त्याला पिकअप येऊ शकेल अशा जागी नेलं. वेल्ह्यात पायाला आधार बांधला आणि तिथून अँब्युलन्सनं पुण्याला पोचायला रात्र झाली. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी आत दांडा घातला. उंच बूट असते तर भाजलं नक्कीच नसतं. हाड वाचलं असतं की नाही ते डॉक्टरही सांगू शकले नाहीत. फिजिओथेरपीनं गुडघा वाकायला लागला होता, तेवढ्यात मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि ती थांबली. घरी जमेल तेवढा व्यायाम त्यानं केला. तरी गुडघा पूर्वीसारखा वाकत नाही. मांडी घालून त्याला बसता येत नाही.

हॉस्पिटलच्या जिन्यात त्याच्या बायकोनं मला एकच प्रश्न विचारला होता. "दादा, तो पडला तेव्हा तुम्ही किती लांब होता?" मी खरं सांगितलं. त्यापुढे ती माझ्याशी त्या विषयावर कधी बोलली नाही.

माफी मागायला मी बरेच महिने लावले. अपघाताची माफी मी हॉस्पिटलमध्येच मागितली होती. मी सांगतोय ते त्या वाक्याच्या माफीचं. तो शांतपणे म्हणाला, "फाट्यावर मी थांबलो होतो, दादा. पाचेक मिनिटं वाट पाहिली. डावीकडची वाट जास्त वापरातली दिसली, म्हणून तिकडे गेलो." म्हणजे रीत पाळणारा त्या दुपारी तो एकटाच होता. गाडी त्यानं विकली. आमची मैत्री आहे, एकमेकांच्या घरी जाणं-येणं आहे, पण तो पूर्वी मला ज्या भरवशानं प्रश्न विचारायचा तसा आता विचारत नाही.

हल्ली मी शेवटी चालतो. फाट्यावर थांबणाऱ्याची जागा अशी असते, की तो दोन्ही वाटांच्या तोंडाशी दिसतो. मागच्याचा हात वर झाल्याशिवाय तो हलत नाही. कुणाची गाडी बिघडली, तर आख्खा गट थांबतो. जेवणानंतर क्रम पुन्हा मोठ्यानं सांगितला जातो. उंच बूट नसलेल्याला मी डांबरावरून परत पाठवतो आणि त्यावरून एक-दोघं माझ्याशी कायमचे बोलायचे थांबले आहेत.

या सगळ्याला वेळ लागतो. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याच्या आत डांबर गाठायचं, तर एका दिवसात पूर्वी आखायचो त्याच्या निम्मीच माती बसते. गटातली तरुण मुलं यावर नाराज आहेत. पेट्रोल जाळून पुण्याहून इतक्या लांब यायचं आणि फाट्याफाट्यावर उभं राहायचं, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण त्या मोकळ्या वळणांची ओढ मला अजूनही तितकीच आहे. येत्या रविवारच्या रस्त्यात त्यांनी पाण्याकाठची ती वाट परत घातली होती. मी ती काढली आणि त्यावर आमचा वाद अजून चालू आहे.