दोन गोरेगावं आणि एक पाण्याची बाटली

आमचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. नकाशा बदलला, मुलूख मात्र तोच राहिला. धानाच्या बांध्या, गावोगावी तलाव, नाहीतर एखादी बोडी, आणि पलीकडे जंगल. अशा मुलखात वाढणारं लेकरू शाळेच्या आधीच पुष्कळ शिकून घेतं. आमची लेक अक्षरं ओळखायच्या आधी पऱ्हे ओळखायला लागली. रोवणीच्या दिवसांत चिखलात पाय रुतवायचे, बेडकं मोजायची, धुऱ्यावरून तोल सांभाळत चालायचं, हा तिचा अभ्यास. सकाळी अंगणवाडी, दुपारी आजीच्या कुशीत झोप, संध्याकाळी विहारात मोठ्या मुलांच्या मागे बसून वंदना. शब्द अर्धे चुकतात, पण हात बरोबर जुळतात.

यंदा तिला पाच वर्षं पूर्ण झाली. एस.टी.त पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, पाच ते बारापर्यंत अर्धं तिकीट. आयुष्यातलं पहिलं तिकीट तिच्या हाती यावं, म्हणून आम्ही मायलेकी एका रविवारी नवेगावबांध पाहायला निघालो. २०२३ च्या मार्चपासून महाराष्ट्रात बायांनाही एस.टी.चं अर्धं तिकीट आहे. त्यामुळे कंडक्टरनं दोघींना दोन अर्धी तिकिटं दिली. लेकीनं दोन्ही तिकिटं शेजारी धरून नीट पाहिली आणि विचारलं, "आई, तूबी लहान आहेस का?" गाडीतल्या बाया हसल्या. आपलं तिकीट मात्र तिनं फ्रॉकच्या खिशात घडी घालून ठेवलं.

गोंदियाहून गोरेगाव, पुढे कोहमारा, तिथे मुंबई-कोलकाता महामार्ग ओलांडून नवेगावबांध, असा हा रस्ता. आमच्या शेजारच्या सीटवर एक म्हातारी बसली होती. उन्हानं तिचा जीव कासावीस झाला होता. लेकीनं आपली अंगणवाडीची बाटली तिच्यापुढे केली. म्हातारी वरून पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. तिनं आमचं आडनाव विचारलं नाही, आम्ही तिचं विचारलं नाही. एवढ्यात कंडक्टरनं आवाज दिला, "गोरेगाव!"

ते नाव ऐकलं की बाबासाहेबांचं पुस्तक वाचलेल्या माणसाला दुसरं गोरेगाव आठवतं. ते सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत १९०१ सालचा तो प्रवास लिहून ठेवला आहे. रामजीबाबा तिथे खजिनदार होते. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकारनं तिथे तलाव खोदायला काढला होता. भीमराव, त्यांचा भाऊ आणि भाचे, अशी ही पोरं नवे कपडे, नव्या टोप्या घालून हौसेनं आगगाडीत बसली. मसूर स्टेशनवर उतरली. घ्यायला कोणी आलं नव्हतं, कारण पत्राचा निरोप वडिलांपर्यंत पोचलाच नव्हता. पोरं कोण आहेत हे कळताच स्टेशन मास्तरचा चेहरा बदलला. दुप्पट भाडं देऊन गाडी मिळाली, तीही पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितलं, मिळालं नाही. शिदोरी जवळ होती, भूकही होती. पण पाण्यावाचून जेवण झालं नाही. पोरं उपाशी निजली.

तलाव खोदायच्या कामावर ज्यांचे वडील हिशेब ठेवत होते, त्या मुलांना वाटेत घोटभर पाणी मिळालं नाही. आणि एकशे वीसवर वर्षांनी आमची लेक दुसऱ्या गोरेगावच्या वाटेवर अनोळखी बाईला स्वतःच्या बाटलीतलं पाणी देते आणि पुन्हा खिडकीबाहेर म्हशी मोजायला लागते. तिच्या लेखी त्यात काहीच विशेष नव्हतं. माझ्या लेखी फार होतं.

हे तिला सांगायचं का, आणि केव्हा, यावरून आमच्या घरात दोन मतं आहेत. आमचे मामाजी, म्हणजे लेकीचे आबाजी, म्हणतात की आत्ताच सांगावं. त्यांचे वडील १९५६ साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. त्याआधी गावच्या विहिरीवर ओंजळ धरून कसं ताटकळावं लागे, हे मामाजींनी वडिलांच्या तोंडून ऐकलं आहे. ते मला म्हणाले, "बाई, तू नाही सांगशील तं दुसरा कोणी सांगेल, अन् तो त्याच्या परीनं सांगेल." ही गोष्ट खोटी नाही. वर्गातलं एखादं पोर घरी ऐकलेला शब्द शाळेत आणतं, आणि तो शब्द आपल्या लेकरावर येऊन पडतो. त्या दिवशी लेकराजवळ उत्तर नसेल, तर ते स्वतःलाच दोष देतं.

माझं म्हणणं थोडं निराळं. पाच वर्षांच्या मनाला प्रथम सवय लागते, अर्थ मागून येतो. पाणी सर्वांचं असतं, हे तिच्या हातापायांत आधी मुरू द्यावं. मग कोणी उलटं सांगितलं, तर तिला ते विचित्र वाटेल, खरं वाटणार नाही.

नवेगावबांधचा तलाव पाहून लेक पहिल्यांदा गप्पच झाली. चहूकडून 'सात बहिणी' म्हणून ओळखले जाणारे डोंगर, मध्ये पसरलेलं पाणी. कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला, असं सांगतात. आमच्या भागातले जुने मालगुजारी तलाव कोहळी समाजाच्या कसबाची खूण आहेत. पावसाचं पाणी उतारावर कुठे अडवायचं, पाळ कुठे घालायची, बांध्यांना पाणी कसं पोचवायचं, हे ज्ञान त्यांनी पिढ्यान्पिढ्या राखलं. लेकीनं विचारलं, "हा तलाव कोणाचा?" मी पाटलांचं नाव सांगितलं. मग म्हटलं, एकट्या माणसाच्यानं एवढी माती वाहवत नाही. टोपल्या ज्यांनी डोक्यावर वाहिल्या, त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. ती म्हणाली, "मग त्यांचाबी आहे." एवढं बोलून ती काठाला गेली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातले.

कोणाला विचारून नाही, इकडेतिकडे पाहून नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी हजारोंच्या साक्षीनं ओंजळ भरली, ती ह्याचसाठी. मुंबईच्या कायदेमंडळानं सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव १९२३ सालीच केला होता, पण कागदावरचं पाणी प्यायला मिळत नाही. महाडचा खटला पुढे उच्च न्यायालयात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल आपल्या बाजूनं लागला. एका ओंजळीसाठी दहा वर्षं. आपलं लेकरू सहज पाण्यात हात घालतं, त्या सहजपणाची ही किंमत आहे.

तलावाच्या पाळीवर बसून डबा खाताना मी तिला तहानलेल्या मुलांची गोष्ट सांगितली. जातीचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं की काही माणसांच्या मनात खोटी गोष्ट भरवली होती, म्हणून त्यांनी मुलांना पाणी दिलं नाही. तिनं घास हातातच धरला. "मग सकाळी?" मी म्हटलं, "दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या बाबांकडे पोचली. त्यातला एक मुलगा खूप शिकला. भिंतीवर फोटो आहे ना, तोच तो." तिनं थोडा वेळ विचार केला. "फोटोतले बाबासाहेब लहान होते?" हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. आपण त्यांना कोट, चष्मा आणि हातातलं पुस्तक यांतच पाहतो. लेकराला मात्र आधी आपल्याएवढा भीमराव भेटला पाहिजे.

नवेगावबांधहून आम्ही अर्जुनी मोरगावमार्गे गोठणगावला गेलो. गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाजवळचा हा भाग. इथे तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत १९७२ पासून आहे. हिवाळ्यात स्वेटर विकायला बसणारे तिबेटी आपण शहरांतून पाहतो. त्यांची घरं आणि शेती इथे पाहायला मिळते. रंगीत प्रार्थनापताका पाहून लेकीला वाटलं, कोणाचा तरी वाढदिवस आहे. बुद्धमूर्तीपुढे मात्र तिनं न सांगता हात जोडले. शेजारी एक तिबेटी आजी माळ ओढत होत्या, त्यांनीही जोडले. पूजेची रीत वेगळी, भाषा वेगळी, पण दोघींची मान एकाच ठिकाणी वाकली.

तिथली मुलं याच मातीत जन्मलेली. १९५९ साली दलाई लामांना देश सोडावा लागला, त्यांच्यामागे असंख्य तिबेटी भारतात आले. ज्या देशात पाऊल ठेवलं नाही, त्याची गोष्ट ही मुलं घरी ऐकतात, आणि बाहेर येऊन इतर मुलांसारखी धुळीत खेळतात. गोष्ट मोठी असली तरी ती लेकरांच्या पाठीवर ओझं होऊन बसलेली मला दिसली नाही. त्यांना ती जेवणासोबत, भाषेसोबत, सणासोबत मिळत असावी.

तेव्हा मला वाटतं, मामाजी आणि मी, दोघेही आपापल्या जागी बरोबर आहोत. सांगायचं तर आहेच, फक्त क्रम राखायचा. पाचव्या वर्षी तहानलेल्या भीमरावाची गोष्ट पुरे. आठव्या-नवव्या वर्षी महाड सांगावं, तेव्हा जातीचं नाव घ्यावं आणि त्यात लाज आपली नव्हे, पाणी नाकारणाऱ्याची आहे, हेही सांगावं. दहावीपर्यंत पोरीनं बाबासाहेबांचा मूळ मजकूर स्वतः वाचावा. पंचशील पाठ होणं चांगलंच; पण पंचशील पाठ असलेलं लेकरू पाण्याची बाटली लपवत असेल, तर ते पाठांतर काय कामाचं?

येत्या २० मार्चला आपल्या विहारात भाषणं होतील, ती व्हावीत. त्याआधी सकाळी आयाबायांनी लेकरांना गावच्या तलावावर न्यावं. त्यांना पाण्यात हात घालू द्यावेत, मनसोक्त खेळू द्यावं. मग पाळीवर बसवून गोष्ट सांगावी आणि त्यांनी प्रश्न विचारला, तर उत्तर टाळू नये. जयभीम.