तीन इंचांची तफावत

आपल्या घरांतील स्त्रियांचा पोशाख गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुष्कळ बदलला. तो कोणी सभा घेऊन बदलला नाही. शिक्षण, नोकरी, दुचाकी आणि रेल्वेचा प्रवास यांच्या सोयीने तो आपोआप बदलत गेला. माझ्या पिढीने बँकेत साडी नेसूनच नोकरी केली. साडीला माप नसते. निऱ्या दोन कमी किंवा दोन जास्त घेतल्या, की तीच साडी सासूलाही होते आणि सुनेलाही. परकराला नाडी, सलवारीला नाडी. बाळंतपण होवो, आजारपण येवो, वय वाढो, नाडीची गाठ दोन बोटे इकडे-तिकडे सरकते आणि शेजारणीलाही कळत नाही. पँटला हे औदार्य नाही. तिला कमरेशी एक बटण आणि एक काज असते, आणि तिचा घेर आपल्याला कधीही न पाहिलेल्या माणसाने कारखान्यात ठरवलेला असतो.

हा विषय एखाद्याला किरकोळ वाटेल. मलाही तो आमच्या घरात जे घडले त्यामुळेच लिहावासा वाटला.

माझी भाची पुण्यात सी.ए.ची आर्टिकलशिप करते. ऑडिटच्या कामासाठी कारखान्यांत, गोदामांत जावे लागते. शिड्या चढून माल मोजावा लागतो. त्यामुळे तिथल्या मुली पँट-शर्टच घालतात. आमच्या घराण्यातील बहुतेक स्त्रियांप्रमाणे तिची कंबर बारीक आणि त्याखालचा बांधा रुंद. दुकानातली जी पँट मांड्यांतून आणि बसकणीतून नीट बसे, ती कमरेला मागून उघडी पडे. जी कमरेला बसे, ती वर चढतच नसे. ट्रायल रूमच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसांसमोर पाच-सहा पँटी परत देण्याची वेळ दोन-तीनदा आली आणि मुलीने मनाशी काहीतरी ठरवले. चातुर्मासात सांगलीला आली तेव्हा ती दिवसाआड एकाशन करीत होती. माझ्या भावजयीला लेकीच्या श्रद्धेचे कौतुक वाटले. मला मात्र तिचा उतरलेला चेहरा पाहून शंका आली. "पारणे कधी गं?" असे मी विचारले, तर खाली मान घालून म्हणाली, "आत्या, पँट बसेल तेव्हा."

तप कर्मनिर्जरेसाठी असते. बटण लागावे म्हणून धरलेल्या उपासाला आपल्याकडे काही नाव नाही. मी तिला उपदेश केला नाही. कपाटातून टेप काढली.

कंबर भरली २९ इंच. कमरेखालच्या सर्वांत रुंद भागाचा घेर, ज्याला शिंपी 'सीट' म्हणतात, तो भरला ४२ इंच. फरक १३ इंचांचा. स्त्रियांच्या तयार पँटींचे तक्ते पाहिले तर कंबर आणि सीट यांच्यात साधारण नऊ-दहा इंचांचाच फरक धरलेला आढळतो. म्हणजे ४२च्या सीटची पँट घेतली, तर तिची कंबर ३२च्या आसपास येणार आणि मागे तीन इंचांची फट राहणार. बँकेत दोन खात्यांत तीन रुपयांचा फरक निघाला, तर आम्ही तो ग्राहकाच्या स्वभावात शोधत नसू. कोणत्या नोंदीत आहे ते शोधत असू. इथे नोंद तक्त्यातली होती. आणि उपाशी राहून काय होणार? कमरेच्या हाडांची रुंदी उपासाने बदलत नाही. शरीर उतरलेच, तर सीटबरोबर कंबरही उतरणार आणि फट बहुधा तशीच राहणार.

हे तक्ते कुठून आले, याचे कुतूहल मला निवृत्तीनंतर निर्माण झाले आणि मिळेल ते वाचले. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार स्त्रियांची मापे घेतली. त्याचा अहवाल १९४१ मध्ये निघाला. पुढे १९५८ मध्ये तिथे स्त्रियांच्या कपड्यांसाठी प्रमाण-मापे जाहीर झाली आणि १९८३ मध्ये ती मागेही घेण्यात आली. आपल्याकडे तर कित्येक वर्षे परदेशी तक्तेच थोडेफार फिरवून वापरले गेले. भारतीय देहाची स्वतंत्र मापे ठरवण्यासाठी 'निफ्ट' या संस्थेने वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या साहाय्याने २५ हजार स्त्री-पुरुषांची यंत्राने मापे घेण्याचा प्रकल्प अलीकडे हाती घेतला, हे चांगलेच झाले. पण कितीही मोजले तरी तक्ता हा सरासरीचाच राहणार. कारखाना एका मापाचा नमुना बसवतो आणि बाकीची मापे त्यावरून ठरावीक अंतराने वाढवत किंवा घटवत नेतो. माणसे काही ठरावीक अंतराने वाढत नाहीत.

तेव्हा पहिला नियम असा, की पँट नेहमी शरीराच्या सर्वांत रुंद भागाच्या मापाने घ्यावी. कापड आत घेणे केव्हाही शक्य असते. बाहेर सोडणे मात्र शिवणीच्या आत जेवढे जादा कापड असेल तेवढेच. तयार कपड्यांत हे जादा कापड फारच थोडे असते, कारण कारखान्याच्या हिशेबात तोही खर्चच. घेतलेली पँट आधी एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री करावी. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, आणि आटण्याआधी घातलेली टीप नंतर जाच करते.

भाचीची पँट उलटी करून तिला घालायला लावली. मागे मधोमध जेवढे कापड चिमटीत आले तेवढे टाचण्यांनी धरले आणि खडूने खूण केली. अनेकजणी सगळी तफावत तिथेच, मधल्या शिवणीत काढून टाकतात. इंच-दीड इंचापर्यंत ते ठीक असते. त्याहून जास्त घेतले, तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांना येऊन भिडतात आणि बाजूच्या शिवणी मागे ओढल्या जातात. म्हणून मी तीन इंचांची वाटणी केली. दीड इंच मधल्या शिवणीत, आणि उरलेला दीड इंच दोन टकांत, प्रत्येकी पाऊण इंच. टक म्हणजे कापडाला आतून घातलेली निमुळती चुणी. मधली शिवण आणि बाजूची शिवण यांच्या मध्यावर ती घ्यावी. अनेक फॉर्मल पँटींना मागे अशी टक आधीपासूनच असते. तीच अधिक खोल करावी. इथे एक गोष्ट विसरू नये. दुमडलेल्या कापडावर घेतलेले माप दुप्पट भरते. दीड इंच कमी करायचा असेल तर टीप जुन्या शिवणीपासून पाऊण इंच आत पडते, कारण तेवढेच पलीकडूनही जाते. नावे आणि जमा दोन्ही बाजू लिहिणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागू नये.

मग उसवणे. पँटचा बेल्ट, म्हणजे चामड्याचा नव्हे, कमरेला शिवलेला पट्टा, त्याचे मागचे मधले लूप आधी काढावे. नंतर पट्टा मधून दोन्हीकडे टकांच्या पुढे बोटभर जाईपर्यंत उसवावा. पुरुषांच्या फॉर्मल पँटींच्या पट्ट्याला मागे मधोमध जोड असतो आणि आत जादा कापडही ठेवलेले असते. त्या दुरुस्त करणे म्हणूनच सोपे. स्त्रियांच्या पँटींचा, विशेषतः जीन्सचा, पट्टा बहुधा अखंड असतो. तो मध्यावर कापावाच लागतो. (कात्री लावताना हात थोडा थबकतो. थबकू द्यावा, आणि पुन्हा एकदा मोजावे.) कापल्यावर शिवणीसाठी प्रत्येक टोकाला चार-चार सूत कापड राहील असे पाहावे.

मधली शिवण घालताना खरी कसोटी लागते. नवी टीप कमरेपासून सुरू करावी आणि खाली येताना हळूहळू जुन्या शिवणीकडे न्यावी. शरीर जिथे सर्वांत भरलेले आहे, त्याच्या थोडे वरच ती जुन्या टिपेत मिसळली पाहिजे. तिला तशीच खाली ओढत नेली, तर जी सीट आधीच नेमकी बसत होती तीच घट्ट होते, आणि सगळा उद्योग फुकट जातो. टकेचेही तसेच: टोक निमुळते, आणि शेवटी टीप उलट न मारता दोरा हाताने गाठून टाकावा, म्हणजे बाहेरून फुगवटा दिसत नाही. आधी सगळे कच्च्या टाक्यांवर घ्यावे. मी भाचीला त्या कच्च्या पँटमध्ये खुर्चीवर बसायला लावले, खाली वाकायला लावले, मांडी घालून जेवायलाही बसवले. ती हसली, कितीतरी दिवसांनी हसली. जेवलीही.

मग मशीनवर पक्की टीप घातली. बसता-उठता सगळा ताण येतो तो मागच्या शिवणीवर, म्हणून तिथे दुहेरी टीप. नेहमीच्या कापडाला १४ नंबरची सुई चालते. जीन्सच्या जाड कापडाला १६ नंबरची लागते, नाहीतर ती पट्ट्याच्या जोडाशी तुटते. शिवण उघडून इस्त्री फिरवली, पट्टा पुन्हा बसवला, लूप जागेवर लावले. मधल्या जोडावर लूप आल्यामुळे तो जोड झाकलाही गेला. सारे मिळून एक दुपार गेली आणि खर्च झाला तो एका दोऱ्याच्या रिळाचा.

ज्यांच्याकडे मशीन नाही, त्यांना इलॅस्टिकचा उपाय आहे. पट्ट्याच्या आतल्या बाजूस, दोन्हीकडच्या शिवणींजवळ, बारीक चिरा पाडून मागच्या भागात रुंद इलॅस्टिक ओवावे आणि थोडे खेचून दोन्ही टोकांना शिवून टाकावे. मागे चुण्या पडतात, म्हणून ऑफिसच्या पँटला मी तो सुचवणार नाही. पण प्रवासाच्या, घरातल्या पँटला उत्तम. आणि खरे सांगायचे तर, ती नाडीचीच धाकटी बहीण.

माझ्या भावाचे कापड पेठेत तयार कपड्यांचे दुकान आहे. हा सगळा खटाटोप पाहून तो म्हणाला, "अक्का, तुझ्या नादी लागून गिऱ्हाईक उद्या म्हणेल, घरीच करून घेते." मी त्याला त्याचाच स्टॉक दाखवला. स्त्रियांच्या पँटी सेटमध्ये येतात. मधली मापे संपतात आणि मोठ्या मापांचे गठ्ठे वर्षभर फळीवर पडून राहतात. त्या मापांच्या गिऱ्हाइका दुकानात येतात, घालून पाहतात, कमरेशी फट बघून खाली ठेवतात आणि निघून जातात. भाव ऐकून त्या परत गेलेल्या नसतात. पुरुषांच्या पँटची उंची कमी करून द्यायला प्रत्येक दुकानात कारागीर असतो. स्त्रियांच्या कमरेसाठी मात्र कोणी ठेवीत नाही. तो आठवडाभर काही बोलला नाही. आता दुकानाच्या मागच्या खोलीत एक मशीन आहे आणि शेजारच्या गल्लीतल्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई दुपारी तीन तास येतात. त्यांची मजुरी पँटच्या किमतीत धरायची की वेगळी घ्यायची, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. माझे मत वेगळी घ्यावी असे आहे. बिलावर लिहिलेले काम गिऱ्हाईक लक्षात ठेवते.

भाचीच्या तीन पँटी मी करून दिल्या. चौथी तिने दिवाळीत येऊन स्वतः उसवली. डाव्या टकेची टीप अर्धा सूत बाहेर गेली होती. पट्टा बसवल्यावर ती दिसलीही नसती. तिने मला न विचारता ती उसवली, खडूने रेघ पुन्हा आखली आणि मशीनचे चाक हाताने फिरवत, एकेक टाका बघत, नवी टीप घातली.