शिरूरच्या अंधाराला साजेशी दुर्बीण

दुर्बीण घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो: किती पट मोठं दिसतं? खोक्यावर 525 पट, 675 पट असे आकडे छापलेले असतात ते याच प्रश्नासाठी. इतकी वर्षं आकाश बघून माझं मत असं झालंय, की शिरूर कासारला राहणाऱ्याने हा प्रश्न तर सोडावाच, पण पुण्या-मुंबईच्या आकाशावरून तयार झालेला खरेदीचा बराचसा सल्लाही बाजूला ठेवावा. तो सल्ला चुकीचा नाही, दुसऱ्या आकाशासाठीचा आहे. शहराच्या उजेडात चंद्र, ग्रह आणि जोडतारे एवढंच नीट टिकतं. म्हणून तिथे जास्त पट, रंगीत फिल्टर, न दिसणारी वस्तू शोधून देणारी मोटार यांवर पैसे खर्च होतात. शिरूरला पूर्वेकडे बीडचा उजेड क्षितिजाशी दिसतो, बाकी डोक्यावरचं आकाश अजून काळं आहे. शिवाय आपण पर्जन्यछायेत, म्हणजे पावसाळा सरला की कोरड्या, निरभ्र रात्रींची रांग लागते. शहरवाला लाखभर रुपये मोजूनही जे विकत घेऊ शकत नाही ते इथे आधीच आहे. त्याला जोड म्हणून काय घ्यायचं, एवढाच प्रश्न उरतो.

अंधाराला मी एवढं का महत्त्व देतो, ते सांगतो. तारा हा ठिपका आहे. दुर्बिणीचा आरसा मोठा केला की त्याचा उजेड गोळा होऊन तो ठळक होतो. अंधारात डोळ्याची बाहुली फार तर 7 मिलिमीटर उघडते, आणि सहा इंची, म्हणजे 150 मिलिमीटरचा आरसा तिच्या साडेचारशे पट उजेड गोळा करतो. पण तेजोमेघ आणि दीर्घिका पसरट असतात. त्यांचा उजेड दुर्बीण जितक्या भागावर पसरवते, तितक्याच भागावर त्यांच्या मागच्या आकाशाचा उजेडही पसरवते. दोघांतला फरक, ज्याच्या जोरावर डोळ्याला काहीतरी जाणवतं, तो आरसा कितीही मोठा घेतला तरी वाढत नाही. तो आकाश किती काळं आहे यावरच ठरतो. देवयानी दीर्घिका 25 लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि आकाशात तिची लांबी पूर्णचंद्राच्या सहा पट भरते. शहरात बारा इंची दुर्बिणीतून तिचा फक्त मधला गोळा दिसतो. इथे 10x50 च्या (दहा पट, 50 मिलिमीटर भिंगांच्या) साध्या द्विनेत्रीत तिची लांब, तिरपी पट्टी एका नजरेत मावते. सहा इंची दुर्बिणीत तर ती मावतच नाही, कारण तिथे कमीत कमी पटीलाही एक-दोन अंशच आकाश दिसतं.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी 10x50 द्विनेत्री, आणि वर्ष-दोन वर्षांनी सहा इंची डॉब्सोनियन. ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत संन्यासी होते. भंगारातली काच घासून आरसा, पुठ्ठ्याची नळी आणि प्लायवुडची पेटी, एवढ्यावर त्यांनी रस्त्यावरच्या लोकांना आकाश दाखवलं. अशा दुर्बिणीच्या बैठकीत मोटार नाही, वायर नाही. सनमायकावर टेफ्लॉनचे तुकडे सरकतात, बस्स. आरसा आणि नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) बाहेरून आणावी लागतील, पण पेटी गावातला सुतार आपल्या हातांनी करून देईल आणि बिघडली तर दुरुस्तही करील. तिपाईवरच्या स्वस्त दुर्बिणीचं खरं दुखणं तिची लटपट हे आहे. बोट लागलं की गुरू थरथरत राहतो, मग 525 पट असो की 50. आणि पट म्हणाल तर आरशाच्या दर मिलिमीटरला दोनच्या वर नेलं की चित्र मोठं होतं, पण त्यात नवं काही दिसत नाही. 1200 मिलिमीटर नाभीय अंतराच्या आरशाला 25 मिलिमीटरची नेत्रिका लावली की 48 पट मिळते. तेवढ्यात शनीचं कडं वेगळं दिसतं, गुरूचे चार चंद्र रांगेत दिसतात.

ग्रहांसाठी अंधाराचा काय उपयोग, असं कुणी विचारेल. बरोबर आहे, ग्रह उजेडातही दिसतात. त्यांना हवा शांत लागते, आणि इथे आपली चूक होते ती गच्चीवर. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि त्या लहरीत शनी पाण्याखालच्या नाण्यासारखा हलतो. घराच्या गच्चीपेक्षा वावराची माती किंवा गवताचं माळरान कितीतरी चांगलं. दुर्बीणही तासभर आधी बाहेर ठेवावी, आरसा हवेइतका गार झाला पाहिजे. साप-विंचवाची आणि बिबट्याची भीती खोटी नाही. दोघा-तिघांनी मिळून जावं, पायात बूट घालावेत, बॅटरीला लाल कागद लावावा. पांढऱ्या उजेडाने डोळे पुन्हा कोरे होतात आणि अंधाराला सरावायला त्यांना वीस-तीस मिनिटं लागतात.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे: मोबाईलवर रंगीत फोटो असताना राखाडी धूसर डाग का बघायचा? मृगातल्या तेजोमेघाचं उदाहरण घ्या. आपल्याकडे मृगाचं नाव पावसामुळे घेतलं जातं, आणि गंमत अशी की मृगाचा पाऊस पडतो तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून मृग दिसत नाही. तो बघायचा डिसेंबर-जानेवारीत. तीन ताऱ्यांच्या बाणाखाली एक फिकट ठिपका लोंबतो, त्यावर सहा इंची दुर्बीण लावावी. आधी धुराचा झुबका दिसतो. नजर किंचित बाजूला धरली की त्या धुराला दोन्हीकडे पंख फुटतात, मधोमध चार बारीक तारे चिकटून उभे असतात, आणि पंखांच्या मध्ये एक काळी खाच घुसलेली दिसते. रंग जवळजवळ नसतो, कारण मंद उजेडात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही. पण तो डाग फोटोसारखा एका झटक्यात संपत नाही. दहा मिनिटं पाहिलं की दहाव्या मिनिटाला नवं काहीतरी हाती लागतं. हे बघणं शिकावं लागतं, आणि शिकलेली नजर कुठलीही दुर्बीण घेतली तरी सोबत राहते.

हायमास्ट आणि पांढरे एलईडी गावोगाव लागताहेत, मग हा अंधार किती दिवस टिकणार? रस्त्यावर उजेड हवाच, बायका-मुलांना तो सगळ्यात आधी हवा. पण दिव्याला वरून टोपी असली तर सगळा उजेड रस्त्यावर पडतो आणि आकाशही वाचतं. जानेवारी 2024 मध्ये नागपूरजवळच्या पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यात दिव्यांची तोंडं खाली वळवण्याचाही भाग होता. ग्रामपंचायतीला हे अवघड नाही.

उरला पैशाचा प्रश्न, आणि तो आपल्या भागात कुठल्याही आक्षेपापेक्षा मोठा आहे. दुष्काळी तालुक्यात शाळेने दुर्बीण का घ्यावी? मला खुपतं ते वेगळंच: निरीक्षणाचे सगळ्यात चांगले महिने दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचे, आणि नेमक्या त्याच महिन्यांत शिरूरच्या कितीतरी वस्त्या ऊसतोडीला गेलेल्या असतात. शाळेतली मोठी दुर्बीण कुलपात आणि पोरं कोल्हापूर-सांगलीकडे कोपीवर, तोडकऱ्यांच्या झोपडीत. म्हणूनही द्विनेत्री आधी. ती पिशवीत मावते, मोडण्यासारखं फारसं काही नाही, आणि शाळेने मुलांना उसनी द्यावी इतकी स्वस्त आहे. फडावर तोडकरी पहाटे चारलाच उठलेले असतात. जानेवारीच्या अखेरीस पाच वाजता दक्षिणेला तोंड करून चित्रा शोधावी, आणि हात लांब करून तिच्यापासून सरळ खाली साडेतीन मुठी मोजाव्यात. नरतुरंगातला ओमेगा तारकागुच्छ तिथे असतो, सुमारे सतरा हजार प्रकाशवर्षांवरचा, जवळपास एक कोटी ताऱ्यांचा. द्विनेत्रीत तो बोंडातून नुकत्याच फुटलेल्या कापसासारखा दिसतो. कोल्हापूरला तो शिरूरपेक्षा दोन अंश जास्त वर येतो.