जांबुवंत किती दिवस टिकेल?

तुमच्या घरात असं एखादं खेळणं आहे का, ज्याच्याशी आता कुणी खेळत नाही, पण टाकूनही कुणी देत नाही? आमच्याकडे आहे. मुठीत मावेल एवढा प्लॅस्टिकचा गोरिला, गळ्यात लाल टाय, पायाखाली गोल काळी बैठक. व्हिडिओ गेमच्या जगात त्याचं नाव डाँकी काँग. आमच्या घरात तो जांबुवंत.

हे नाव आजोबांनी ठेवलं. "हे माकड नव्हे. ह्याचा देह बघा जरा. हा जांबुवंतच." जांबुवंत तर अस्वल होता, असं आईने सांगून पाहिलं. पण रामायणाच्या विषयात आजोबांपुढे कुणाचं काही चालायचं नाही.

मागच्या महिन्यात या जांबुवंताने माझी झोप उडवली. त्याचं असं झालं.

मी कंटेंट रायटर आहे. म्हणजे लोकांना जे विकायचं असतं, त्याबद्दल मी लिहिते. एका क्लायंटला चिप असलेल्या व्हिजिटिंग कार्डांवर लेख हवा होता. कार्ड फोनला टेकवलं की आपली माहिती समोरच्याच्या फोनमध्ये, असा तो प्रकार. लेखात चूक नको म्हणून मी त्या चिपचं तांत्रिक पत्रक उघडलं. बीए इंग्लिश केलेल्या माणसाने असल्या तक्त्यांत शिरू नये खरं तर. चिपचं नाव एनटॅग 215, बनवणारी कंपनी एनएक्सपी. शेवटाकडे एक ओळ होती: माहिती टिकण्याचा काळ, 10 वर्षं.

हे नाव मी आधी ऐकलेलं होतं. माझ्या धाकट्या भावाने कधीतरी सांगितलं होतं, "ताई, जांबुवंताच्या बुडाशी हीच चिप आहे." आणि जांबुवंत आमच्या घरी आला 2015 च्या दिवाळीत. मी बोटांवर मोजलं. दहा वर्षं उलटून गेली होती.

तुम्ही म्हणाल, खेळणंच ते, चिप गेली तर गेली. म्हणून आधी या खेळण्यांबद्दल थोडं सांगते.

2011 च्या ऑक्टोबरमध्ये स्कायलँडर्स नावाचा गेम आला. त्याच्यासोबत एक चकतीसारखं यंत्र मिळायचं. बाहुली त्यावर ठेवली की ती टीव्हीच्या पडद्यावर जिवंत व्हायची. गंमत अशी की तिने मिळवलेली नाणी, वाढलेली ताकद, हे सगळं बाहुलीतच साठायचं. ती खिशात घालून मित्राकडे न्यावी, तर तिथेही ती तितकीच ताकदवान. मुलं वेडी झाली. 2013 मध्ये डिस्ने इन्फिनिटी आलं, 2014 च्या नोव्हेंबरमध्ये निन्टेंडोचे अमीबो (शाळेतल्या जीवशास्त्रातला अमीबा नव्हे), 2015 मध्ये लेगो डायमेन्शन्स. मग लाट ओसरली. डिस्नेने 2016 मध्ये गाशा गुंडाळला, लेगोने 2017 मध्ये. अमीबो तेवढे राहिले. आपल्याकडे ही खेळणी दुकानात फारशी दिसली नाहीत. ज्यांच्या घरी आली, त्यांच्याकडे बहुतेक परदेशातल्या नातेवाइकांच्या बॅगेतून आली.

आमच्याकडेही तशीच आली. आम्ही वडोदऱ्याचे मराठी, दांडिया बाजारातलं जुनं घर. न्यू जर्सीच्या काकांनी निन्टेंडोचं वी यू हे यंत्र, सुपर स्मॅश ब्रदर्सची डिस्क आणि हा गोरिला आणला. यंत्र अमेरिकेच्या 120 व्होल्टचं, म्हणून बाबांनी बाजारातून विटेएवढा जड स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला. तो इतका गुणगुणायचा की आई त्याला भुंगा म्हणायची.

मी पंधरा वर्षांची होते, भाऊ दहाचा. पण खेळायला बसले आजोबा. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, दुपारची झोप येत नव्हती. भावाला जोडीदार हवा होता. स्मॅश ब्रदर्स हा मारामारीचा गेम, समोरच्याला मंचावरून बाहेर उडवायचं. आजोबांना दोनच गोष्टी जमल्या. दांडी वर केली की उडी. दांडी खाली ओढून बटण दाबलं की गोरिला दोन्ही पंजांनी जमीन बडवतो. ते कोपऱ्यात उभे राहायचे आणि जमीन बडवत बसायचे. कुणी जवळ आलं की उडायचं. ते पुन्हा जमीन बडवायचे. मधेच एक उडी, उगाच.

आता खरी गोष्ट. या गेममध्ये अमीबो स्वतः लढतो आणि लढता लढता शिकतो. पहिल्या पातळीपासून पन्नासाव्यापर्यंत चढतो. सामना संपला की बाहुली पुन्हा गेमपॅडला टेकवायची, म्हणजे शिकलेलं तिच्या चिपवर उतरतं. आजोबा जांबुवंताला दोन्ही हातांत धरून, नैवेद्य दाखवल्यासारखा टेकवायचे. त्याला गेममध्ये नाव द्यायचं होतं, दहा अक्षरांत. रोमन लिपीत जांबुवंत नऊ अक्षरांत बसला. महिनाभरात तो पन्नासाव्या पातळीवर पोहोचला आणि कोपऱ्यात उभा राहून जमीन बडवायला लागला.

आजोबा 2018 मध्ये गेले. त्यानंतर भावाने एकदा यंत्र लावलं होतं. जांबुवंत पडद्यावर आला, कोपऱ्यात गेला, जमीन बडवली, मधेच एक उडी मारली. भावाने टीव्ही बंद केला. सगळं खोक्यात भरून माळ्यावर गेलं.

आता कळलं ना, ती दहा वर्षांची ओळ वाचून मला काय झालं असेल ते?

मी पत्रक पुन्हा वाचलं, या वेळी क्लायंटसाठी नाही. दोन गोष्टी नीट दिसल्या. एक, ते 10 'किमान' या रकान्यात होते. म्हणजे एवढी वर्षं तरी टिकेल अशी कंपनीची हमी, मरणाची तारीख नव्हे. औषधाच्या पाकिटावर असते तशीही ती नाही. 2011 मधल्या बाहुल्या आजही कित्येकांकडे व्यवस्थित चालतात. दुसरी गोष्ट तापमानाची. ही हमी 22 अंश सेल्सिअसला दिलेली. वडोदऱ्यात मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो, आणि आमचा माळा थेट गच्चीच्या स्लॅबखाली. मी तशीच उठून खोकं खाली काढलं.

उष्णतेने काय होतं? या चिपमध्ये बॅटरी नसते. फोन किंवा गेमपॅड जवळ आला की त्याच्या लहरींवरच ती क्षणभर जागी होते. आपण मेट्रोचं कार्ड टेकवतो, त्याच जातीचं तंत्र. माहिती साठते ती सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेल्या विद्युतभारावर. कप्प्यात भार आहे की नाही, यावर एक की शून्य ठरतं. कप्प्याच्या भिंती अतिशय पातळ. माठ पाझरतो तसा हा भारही वर्षानुवर्षं पाझरत राहतो, आणि उकाड्यात जास्त. पुरेसा पाझरला की चिपला एक होता की शून्य ते कळेनासं होतं. खेळणं दिसायला तसंच राहतं, फक्त टेकवल्यावर काही होत नाही.

उपाय सोपा आहे. कप्प्यात पुन्हा लिहिलं की भार ताजा होतो, आणि लिहिण्याची मर्यादा एक लाख वेळांची आहे. पण चिपचा एक भाग कारखान्यात एकदाच लिहून कुलूपबंद केलेला असतो. 'मी डाँकी काँग आहे' ही ओळख त्या भागात असते. तो आपल्याला पुन्हा लिहिता येत नाही. तो पाझरला की संपलं.

मी भावाला फोन केला. तो बंगळुरूला शिकतो.

"अगं, मग एक सामना खेळ आणि सेव्ह कर. निदान गेमचा भाग तरी ताजा होईल."

"आणि तो माझ्याकडून शिकेल त्याचं काय?"

"थोडंसं शिकेल. एका सामन्याने काय होतंय?"

"मग इतक्या वर्षांत तू का नाही खेळलास?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, मेस बंद होईल, नंतर बोलतो.

माझी अडचण तुमच्या लक्षात आली असेल. खेळलं नाही तर आजोबांचा खेळ हळूहळू पाझरून जाणार. खेळून जपलं तर त्यात माझा खेळ मिसळणार. मी कॉलेजमध्ये हॉस्टेलच्या मुलींसोबत हा गेम बऱ्यापैकी शिकले होते. कोपऱ्यात उभी राहून जमीन बडवणं मला जमणारच नाही.

रात्री भावाचा मेसेज आला: आधी फोनने वाचून तर बघ. माझ्या फोनमध्ये एनएफसी आहे. चिप वाचणारं एक ॲप घेतलं, जांबुवंताच्या बैठकीला फोन लावला. हात थोडा थरथरला, खोटं कशाला बोलू. फोन किणकिणला. माळ्यावरचे सात उन्हाळे काढून चिप जिवंत होती.

पडद्यावर नुसत्या आकड्याअक्षरांच्या ओळी आल्या. चार-चार बाइटची 135 पानं, एकूण 540 बाइट. त्यातले गेमला स्वतःचं म्हणून लिहायला मिळतात 216. हे किती कमी आहे सांगू? मराठीतलं एक अक्षर, मात्रा वेगळी मोजली तर, फोनमध्ये तीन बाइट घेतं. 216 बाइटमध्ये मराठीची 72 चिन्हं बसतील. हा परिच्छेदही त्यात मावणार नाही. तेवढ्या जागेत आजोबांच्या सगळ्या दुपारी होत्या, त्याही सांकेतिक भाषेत, त्यामुळे वाचून काही कळत नव्हतं.

त्या ओळींची नक्कल मी फोनमध्ये, लॅपटॉपवर आणि स्वतःलाच पाठवलेल्या ईमेलमध्ये ठेवली. पण ही नक्कल दुसऱ्या चिपमध्ये नुसती ओतून चालत नाही. प्रत्येक चिपला जन्मतः एक क्रमांक असतो आणि तो त्या सांकेतिक कुलपात गुंफलेला असतो.

तुमच्याकडे अशी खेळणी असतील तर दोन कामं आजच करा. माळ्यावरून, उन्हाच्या खिडकीतून ती खाली आणा, थंड कपाटात ठेवा. आणि ज्या यंत्रावर ती चालतात तेही जपा. चिप टिकली आणि वाचणारं यंत्र गेलं, तर उपयोग काय? वी यू बनणं 2017 मध्ये बंद झालं, त्याची ऑनलाइन सेवा 8 एप्रिल 2024 ला. जगभरात ती यंत्रं विकली गेली एकूण 1 कोटी 35 लाख 60 हजार, म्हणजे 13.56 दशलक्ष. आणि या चिपा ज्या लहरींवर बोलतात त्यांची वारंवारिता 13.56 मेगाहर्ट्झ. निव्वळ योगायोग, पण आजोबांना फार आवडला असता.

गेल्या रविवारी मी यंत्र लावलं. भुंगा गुणगुणायला लागला, आई स्वयंपाकघरातून बघून गेली. गेमपॅडची बॅटरी पार उतरली होती, तासभर चार्ज करावी लागली. मी ठरवलं होतं, एकदा बघायचं आणि सेव्ह करायचं नाही. सामन्यानंतर बाहुली टेकवली नाही तर त्यातलं काही चिपवर उतरत नाही.

बाबा येऊन शेजारी बसले. आजोबा खेळायचे तेव्हा बाबांना ते आवडायचं नाही. या वयात काय हे, म्हणायचे. कधी एक सामनाही खेळले नव्हते.

"दे इकडे," बाबा म्हणाले.

जांबुवंत आला. कोपऱ्यात गेला. जमीन बडवली, बडवली, मधेच एक उडी. बाबांचा खेळाडू त्याच्याकडे चालत गेला आणि उडाला. पुन्हा गेला, पुन्हा उडाला. बाबांना बटणं सापडत नव्हती. हळूच म्हणाले, "हे तर अण्णा."

सामना संपला. गेम विचारत होता, बाहुली टेकवा. मी जांबुवंत उचलून बाजूला ठेवायला लागले, तर बाबांनी विचारलं, तो काय मागतोय. मग मी सगळं सांगितलं. माठ, पाझर, दहा वर्षं, आणि आता टेकवलं तर लिहिलेलं ताजं होईल पण तुमचा हातही त्यात जाईल, हे सुद्धा.

बाबांनी पडद्याकडे पाहिलं, मग गेमपॅडकडे.

"आत्ताचं राहू दे," ते म्हणाले. "पुढचं टेकवू. आधी मला ते जमीन बडवायचं कसं ते शिकव."

मी त्यांचा अंगठा दांडीवर ठेवला. "ही खाली ओढायची," मी म्हणाले, "आणि हे बटण."