आष्टीहून आइसलंडला

मुलामुलींनो, आमच्या घरात सध्या एक मोठा बेत शिजतोय. आष्टीहून आइसलंडला जायचा! आष्टी म्हणजे जालना जिल्ह्यातलं, परतूर तालुक्यातलं आमचं गाव. आणि आइसलंड? नकाशात युरोपच्या वायव्येला, अटलांटिक महासागरात एक बेट दिसेल, तेच. आकाराने महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश, आणि माणसं मात्र चार लाखांच्या आसपास.

“अहो, पण पैसे?” असं तुमचे आईबाबा म्हणत असतील. खरं आहे. पैसे अजून जमलेले नाहीत. दर दिवाळीला थोडे बाजूला टाकतो, पण पावसाने दगा दिला की तेही घरात लागतात. कदाचित जायला दहा वर्षं लागतील. पण बेत आखायला काय लागतं? एक वही आणि एक नकाशा!

आधी ठरवलं, जायचं कधी. डिसेंबरात तिथे सूर्य जेमतेम चार तास दिसतो, तर जूनमध्ये रात्र जवळजवळ होतच नाही. म्हणून उन्हाळाच बरा. पण बरं का, तिथल्या जुलैची दुपार १४-१५ अंशांची, म्हणजे आपल्या पौषातल्या पहाटेसारखी. वहीत लिहिलं : स्वेटर, कानटोपी. मग रस्ता. परतूरला रेल्वे, मुंबईला विमान, युरोपात विमान बदलायचं. पासपोर्ट हवा आणि शेंगेन व्हिसाही. तिथलं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे.

आता पाहायचं काय? ज्वालामुखी, गरम पाण्याचे झरे, काळे खडक. यादी वाचून पुतणी म्हणाली, “काका, काळे दगड पाहायला एवढ्या लांब? आपल्या विहिरीत काय कमी आहेत?”

पोरीने मुद्द्याचं विचारलं! विहीर खणताना आपल्याला लागतो तो काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला, थिजला, त्याचाच हा दगड. आइसलंडही बेसॉल्टचंच. फरक एवढाच, की तिथे लाव्हा अजून अधूनमधून वाहतो. नोव्हेंबर १९६३ मध्ये त्याच्या दक्षिण किनाऱ्याजवळ समुद्रातून धूर आणि राख उसळू लागली आणि एक नवं बेट वर आलं. त्याचं नाव सुर्टसे. तिथे शास्त्रज्ञांखेरीज कुणाला उतरू देत नाहीत. उघड्या दगडावर वाऱ्याने, लाटांनी, पक्ष्यांनी बिया कशा आणल्या, हे ते वर्षानुवर्षं टिपत आले आहेत.

आमच्या शेतातली काळी माती, जिच्यात कापूस होतो, तीही अशाच दगडाची झिजून झिजून झालेली. म्हणजे आपल्या शेताचं लहानपण पाहायला जायचं म्हणा ना! हे ऐकल्यावर पुतणीने वहीत स्वतःचं नाव घातलं, आणि खाऊचे वीस रुपयेही डब्यात टाकले.

तुम्हीही एखादं लांबचं ठिकाण निवडा आणि आईबाबांसोबत बसून बेत आखा. एक रकाना मात्र जरूर ठेवा : आपल्या गावाशी त्याचं नातं काय?