गळ्यातले कार्ड

माझी आपा चौथीपर्यंतच शिकली. पुढची शाळा लांब होती, एवढेच कारण. उस्मानाबाद म्हणा की धाराशिव, आमच्या जिल्ह्यातल्या खेड्यांत मुलीला शिकवायचे म्हणजे आधी तिला शाळेपर्यंत पोचवायचे. १९९६ पासून अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचा मोफत पास मिळू लागला. २०११-१२ पासून मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या आल्या. आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी मुली त्यांत बसूनच दहावी-बारावी झाल्या.

आता खासगी शाळांच्या बसमध्ये गळ्यातले कार्ड आले आहे. माझ्या नातीलाही मिळाले. त्यात बारीकशी चिप आणि तारेचे वेटोळे असते, सेल नसतो. बसच्या दारातल्या यंत्राच्या रेडिओलहरींवर चिप क्षणभर जागी होते, आपला नंबर सांगते आणि घरी मोबाइलवर निरोप येतो. बस कुठे आहे, ते जीपीएस सांगते. सूनबाईंचा जीव भांड्यात पडतो आणि ते मला पटते. मूल घरी येईपर्यंत आईचे काय होते, ते आपण सगळे जाणतो.

पण यंत्राला मुलगी कळत नाही, कार्ड कळते. कार्ड घरी विसरले, तर बसमध्ये बसलेली मुलगीही ‘चढली नाही’ ठरते. मुलाबद्दल असा निरोप आला तर बाप ड्रायव्हरला फोन लावतो. मुलीबद्दल आला तर कुजबुज आधी सुरू होते. अशा एका निरोपावरून एखादीची शाळा सुटेल, ही माझी धास्ती आहे.

अमेरिकेत सॅन अँटोनिओ शहरातल्या दोन शाळांनी २०१२ मध्ये चिप असलेली ओळखपत्रे दिली. हेतू हजेरी नीट लागण्याचा. कारण सरकारी पैसा हजेरीवर मिळतो. एका विद्यार्थिनीने धर्मश्रद्धेचे कारण देऊन ती नाकारली. कोर्टात ती हरली. पण २०१३ मध्ये शाळा-मंडळानेच ती योजना बंद केली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो लेकरांनाही आहे.

राज्याच्या २०११ च्या स्कूलबस नियमांनुसार मुली असलेल्या बसमध्ये महिला मदतनीस हवी आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी. समितीत पालकांचा प्रतिनिधी असतो. त्याच्यामार्फत विचारता येते: मुलींच्या जाण्या-येण्याच्या नोंदी कोण पाहतो? किती दिवस ठेवतो? ‘चढली नाही’ असे दिसले, तर घरी निरोप धाडण्याआधी बसमधल्या बाईंना कुणी विचारतो का?

पुढच्या पालकसभेत मी हेच विचारणार आहे. तुमच्या लेकीच्या गळ्यात कार्ड आले असेल, तर तुम्हीही विचारा.